कॅरोबच्या फळाचा व बियांचा अर्क: गच्चीवरील कुंड्यांत घेतलेला अनुभव

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मार्केट यार्डाजवळच्या एका बी-बियाण्यांच्या दुकानातून मी ‘कॅरोब फळ व बी अर्क’ असे लिहिलेल्या अडीचशे मिलिलिटरच्या दोन बाटल्या विकत घेतल्या. वेष्टनावर लवकर उगवण, जोमदार वाढ आणि भरघोस फुटवा अशी तीन आश्वासने होती. “काका, हे टॉनिक आहे, आठ दिवसांत फरक दिसेल,” असे दुकानदाराने सांगितले. कॅरोबविषयी मी पूर्वी जे वाचले होते ते या आश्वासनांच्या जवळजवळ उलट होते, म्हणून ही बाटली नीट तपासून मगच तिच्याविषयी लिहावे असे ठरवले.

कॅरोब हे भूमध्य समुद्राच्या काठचे, शेंगवर्गातले सदाहरित झाड आहे. स्पेन, पोर्तुगाल, इटली, मोरोक्को आणि सायप्रस येथे ते पूर्वापार लावले जाते. त्याच्या शेंगा जाड, तपकिरी आणि गोड असतात. गराच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग साखरेचा भरतो, तर बिया शेंगेच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतक्याच असतात. आपल्याकडे पुण्यातल्या बेकऱ्यांमुळे कोकोऐवजी वापरायची कॅरोबची भुकटी बऱ्याच जणांना ठाऊक झाली आहे. लक्ष्मी रोडवर हिऱ्यासाठी जो ‘कॅरट’ ऐकू येतो, तो शब्दही या झाडाच्या ग्रीक नावावरूनच आला आहे. आपल्या सोनारांकडे गुंजेला जो मान होता तोच तिकडे या बीला होता.

फळ आणि बी यांचे गुण मात्र अगदी वेगळे आहेत आणि माझा मुख्य आक्षेप येथेच आहे. गरात साखरेबरोबर टॅनिन असतात, म्हणजे कच्ची शेंग चाखली तर तोंड आवळून आणणारे तुरट पदार्थ. कॅरोबच्या शेंगेच्या अर्कात जिबरेलिनच्या, म्हणजे रोपांची उंची वाढवणाऱ्या संजीवकाच्या, कामाला अडथळा आणणारे काही तरी आहे हे १९६० च्या दशकाच्या आरंभीच अमेरिकेतल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या लक्षात आले होते. पुढे १९७२ मध्ये कॉर्कोरन, गाइसमन आणि फिनी यांनी बुटक्या वाटाण्याच्या रोपांवर अनेक टॅनिन तपासून दाखवले, की बाहेरून दिलेल्या जिबरेलिनमुळे होणारी वाढ टॅनिन रोखतात आणि जिबरेलिनचे प्रमाण वाढवले तर ती रोख उठते. त्या टॅनिनांच्या यादीत हिरड्यातले टर्चेबिनही होते, हे जुन्नर-आंबेगावच्या हिरड्याशी परिचय असलेल्या वाचकांना जवळचे वाटेल. टॅनिन एकटे दिले तर वाटाण्याची स्वतःची वाढ त्यांनी रोखली नाही, हेही त्याच अभ्यासात दिसले होते. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे कॅरोबला सरसकट ‘वाढ मारणारा’ ठरवणेही चुकीचे होईल.

जिबरेलिन म्हणजे द्राक्षबागाईतदार ज्याला नुसते ‘जीए’ म्हणतात ते संजीवक. नारायणगावला माझे मेहुणे द्राक्षाच्या घडांसाठी दर वर्षी ते वापरतात. भुकटी आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात मिसळतात, नाही तर ती नीट उतरत नाही. त्यांच्याकडून थोडे तयार द्रावण मागून आणले आणि गच्चीवर बुटक्या वाटाण्याच्या कुंड्यांच्या चार रांगा मांडल्या. पहिल्या रांगेला साधे पाणी, दुसरीला जीए, तिसरीला जीए आणि वेष्टनावर सांगितलेल्या मात्रेत कॅरोबचा अर्क, तर चौथीला फक्त अर्क दिला. माती, कोकोपीट आणि गांडूळखत यांचे मिश्रण सगळीकडे एकच होते, आणि कठड्याच्या सावलीचा फरक राहू नये म्हणून कुंड्यांच्या जागा रोज बदलत होतो.

तिसऱ्या आठवड्यात जीएच्या रांगेतली रोपे लांब पेऱ्यांची, फिकट आणि आधाराला टेकलेली होती. जीएबरोबर अर्क दिलेली रोपे त्यांच्यापेक्षा स्पष्टपणे ठेंगणी राहिली. फक्त अर्काची रांग आणि साध्या पाण्याची रांग यांत मला, आणि मोजपट्टी हाती घेऊन बसलेल्या माझ्या नातीलाही, सांगण्याजोगा फरक सापडला नाही. थोड्याशा कुंड्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मान्य, पण १९७२ च्या निष्कर्षाशी हे चित्र जुळते आणि ‘जोमदार वाढ’ या आश्वासनाशी जुळत नाही.

उगवणीच्या बाबतीत निराशा अधिक झाली. मटकीचे पन्नास दाणे एकेका बशीत ओल्या फडक्यावर ठेवले. एका बशीत पाणी, दुसरीत अर्क आणि तिसरीत चवीला साधारण तितकेच गोड असे गुळाचे पाणी घातले. ही तिसरी बशी मुद्दाम ठेवली होती, कारण गोड द्रावणातून बीला पाणी ओढून घेणे मुळातच जड जाते आणि तो दोष अर्काच्या माथी मारणे योग्य ठरले नसते. पाण्यातल्या मटकीला दुसऱ्या दिवशी मोड आले. गुळाच्या पाण्यातली थोडी मागे पडली आणि अर्कातली सर्वांत मागे राहिली. याचे एक संभाव्य कारण जुन्या नोंदींत आहे. मोस्ट, गॅस्किन आणि मॅकमिलन यांना १९७० मध्ये कॅरोबच्या कोवळ्या फळांत, आणि बाजारात मिळणाऱ्या कॅरोबच्या पाकातही, ॲब्सिसिक आम्ल आढळले होते. बीला झोपेत ठेवणारे आणि पानांची रंध्रे मिटवणारे संजीवक ते हेच. ज्या फळाच्या पाकात ते सापडते, त्याच फळाच्या अर्काच्या बाटलीवर ‘लवकर उगवण’ असे छापताना विक्रेत्याने आधी स्वतः एक बशी भिजवून पाहायला हवी होती.

साखरेचा दुसरा उपद्रव मिरचीवर दिसला. फवारणीनंतर पाने चिकट झाली, चौथ्या दिवशी मुंग्यांची रांग लागली आणि खालच्या पानांवर काजळीसारखी बुरशी आली. मातीत ओतलेल्या कुंड्यांत काही दिवस पाने फिकटली. मातीत अचानक साखर पडली की सूक्ष्मजीव वेगाने वाढतात आणि उपलब्ध नत्र स्वतःसाठी वापरून टाकतात, हे त्यामागचे कारण असावे, कारण पुढे शेणखताचे पाणी दिल्यावर रंग परत आला.

आता बियांविषयी, कारण तेथे मला खरोखर चांगले काही सापडले. बाटलीत बीचा अंश किती हे कोठेच लिहिलेले नसल्याने मी रविवार पेठेतून, आइस्क्रीमचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून, कॅरोबच्या बियांच्या गोंदाची भुकटी वेगळी आणली. हा गोंद म्हणजे बीच्या आतल्या साठ्यातले गॅलॅक्टोमॅनन, म्हणजे मॅनोज साखरेची लांब साखळी आणि तिला अधूनमधून जोडलेले गॅलॅक्टोज. आपल्या गवारीच्या गोंदाची रचना तीच आहे, पण गवारीत साधारण दोन मॅनोजमागे एक गॅलॅक्टोज असते आणि कॅरोबमध्ये चारांमागे एक. त्यामुळे गवारीचा गोंद थंड पाण्यात विरघळतो, तर कॅरोबचा पूर्ण विरघळायला पाणी ऐंशी अंशांच्या पुढे तापवावे लागते. मी प्रथम तो थंड पाण्यात टाकला आणि गुठळ्या झाल्या. दुसऱ्या वेळी तापवून केलेले दाटसर द्रावण निवल्यावर त्यात टोमॅटोच्या रोपांची मुळे बुडवून लावणी केली, तेव्हा दुपारच्या उन्हातही ती रोपे माना टाकत नव्हती. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी ऊतिसंवर्धनाच्या (टिश्यू कल्चरच्या) माध्यमात, ते घट्ट करणाऱ्या महागड्या अगरचा काही भाग याच गोंदाने बदलून पाहिला आहे. हा गोंद एकटा थिजत नाही, पण अगरच्या जोडीने चांगली साथ देतो. हे काम वाढ ‘घडवण्याचे’ नसून पाणी धरून ठेवण्याचे आहे, आणि वेष्टनावर तसे लिहिले असते तर मी त्याची स्तुतीच केली असती. मात्र राजस्थानातून येणारा गवारीचा गोंद हेच काम बऱ्याच कमी खर्चात करतो, म्हणून घरच्या बागेसाठी मी तोच सुचवेन.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात जैव उत्तेजकांचा समावेश केला आणि वनस्पतिजन्य अर्क हा त्यातला एक प्रकार आहे. अशा उत्पादनाच्या वेष्टनावर घटक व त्यांचे प्रमाण स्पष्ट हवे. माझ्या बाटलीवर फळ किती, बी किती, शेंग कोवळी की पिकलेली यांपैकी काहीही नव्हते, आणि या अर्काच्या बाबतीत परिणाम ठरवणाऱ्या गोष्टी नेमक्या याच आहेत. तीनशे चाळीस रुपयांना हे अज्ञान विकत घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. द्राक्षाला जीए देणाऱ्यांनी तर त्याच काळात हा अर्क बागेत मुळीच आणू नये.

दुसरी, न उघडलेली बाटली घेऊन मी जानेवारीत दुकानात गेलो. दुकानदाराने वाटाण्याची नोंदवही शांतपणे पाहिली, जीएच्या रांगेविषयी दोन प्रश्न विचारले आणि कुरकुर न करता पैसे परत दिले. ‘फळाचा आणि बीचा अर्क वेगवेगळा मिळेल का’ हे उत्पादकाला विचारण्यासाठी त्याने ते पान मोबाइलवर टिपून घेतले. उत्तर आले की कळवतो, असे तो म्हणाला.