सोयाबीन: सपाट पेरायचं की बेडवर?

रोहिणी लागल्या की मराठवाड्यात पारावर हाच विषय. बेडवाल्यांचं, म्हणजे रुंद वरंबे करून त्यावर पेरणाऱ्यांचं, ऐकलं तर सपाट पेरणारा अडाणी, आणि जुन्या लोकांचं ऐकलं तर बेड म्हणजे ट्रॅक्टरवाल्याचं पोट भरायचा धंदा. जमीन कोणती, हे मात्र कुणी आधी विचारत नाही.

सपाट पेरणीचा खरा गुण म्हणजे उरक. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडून वापसा (पेरणीजोगी ओल) आला की तो दोन-तीन दिवसच हातात असतो. साधं पेरणी यंत्र दारात असतं. बीबीएफ, म्हणजे बेड पाडून पेरणारं यंत्र, गावात एखादंच. नंबर लागेपर्यंत ओल उडाली तर बेड घेऊन काय करायचं?

पण भारी काळं रान असेल तर मी बेडच म्हणेन. मुळात हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेत ही पद्धत बसवली तीच काळ्या जमिनीसाठी. रुंद वरंब्यावर चार ओळी, दोन्ही बाजूंना सरी. पावसानं ओढ दिली की सरीत मुरलेली ओल पिकाला काही दिवस तगवते, आणि धो धो कोसळला की जास्तीचं पाणी त्याच सरीतून निघून जातं. आता एकाच हंगामात दोन्ही बघावं लागतं. बियाणंही एकरी 30 किलोऐवजी 22-24 किलोत भागतं. सऱ्या मात्र उताराला आडव्या हव्यात आणि पाण्याला वाट हवी. ती वाट शेजाऱ्याच्या बांधाला लागली की वेगळाच खटला!

बेडनं सगळंच वाचतं असंही नाही. मुळाशी पाणी साचत नाही, पण 2025च्या सप्टेंबरसारखी झड पक्व शेंगांवर लागली तर दाण्याला शेंगेतच कोंब फुटतात. तिथं सपाट काय नि बेड काय.

माळाच्या मुरमाड रानात बेड लवकर सुकतो. तिथं सपाटच बरं.

सपाट पेरून बसलात तरी एक जुगाड आहे: महिनाभरानं, फुलं लागायच्या आत, शेवटच्या कोळपणीला कोळप्याला दोरी गुंडाळायची. माती दोन्हीकडं सरकते, ओळींत सरी पडते. बेडइतकी खोल नाही, पण खर्च दोरीचा.

माझं खालचं अडीच एकर काळं बेडवर, माळाचं दीड सपाट. बीबीएफवाल्याला आत्ताच सांगून ठेवलंय. वहीत माझा नंबर सातवा आहे.