थ्रेड एकेका कोरला बांधावेत, की एल3च्या कुंपणात मोकळे सोडावेत?

लिनक्सवर उत्तराच्या वेळेला जपावं लागतं अशी सर्व्हिस चालवणाऱ्यापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधला स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा, कोर म्हणजे तो चालवणारा प्रोसेसरचा भाग, आणि एल3 म्हणजे काही कोरनी मिळून वापरायची प्रोसेसरमधलीच जलद मेमरी, म्हणजे कॅश. मी दोन्ही प्रकार बराच काळ चालवले आहेत. मशीन एएमडीच्या झेन 3 पिढीचं एपिक, एसएमटी (एका कोरवर एकाच वेळी दोन थ्रेड चालवण्याची सोय) बंद, 8 कोरमागे 32 एमबीचा एक सामाईक एल3. सर्व्हिसचं काम असं: विनंती आली की थ्रेड जागा होतो, थोडंसं काम करतो, पुन्हा झोपतो.

आधी मी टास्कसेटने (थ्रेडला ठरावीक कोर नेमून देणारी कमांड) सगळे थ्रेड एकेका कोरला बांधून टाकले होते. यात शोधाचा खर्च जवळपास शून्य. परवानगी एकाच कोरची असली की कर्नल (लिनक्सचा गाभा) रिकामा कोर शोधण्याच्या भानगडीत पडत नाही, थ्रेडला थेट तिथल्या रांगेत लावतो. एल1-एल2 या कोरच्या स्वतःच्या छोट्या कॅशमधला डेटाही बहुधा ताजाच सापडतो. आठ कोर, आठ थ्रेड होते तोवर माझी काहीच तक्रार नव्हती.

मग काम वाढलं आणि थ्रेड 12 केले. चार कोरवर दोन-दोन थ्रेड आले. सरासरी वेळ ठीक दिसायची, पण मधूनच एखादी विनंती रेंगाळायची. पर्फ शेड टाइमहिस्ट (कोणता थ्रेड कधी चालला, किती थांबला हे दाखवणारी कमांड) लावून बसलो. थ्रेड जागा झाल्याची नोंद होती, शेड डिलेच्या (जागा झाल्यावर कोर मिळेपर्यंतच्या थांब्याच्या) रकान्यात दोन-तीन मिलिसेकंद, आणि त्याच वेळी शेजारचा कोर आयडल! ते पाहून फार चुटपुट लागली. झेन 3 मध्ये कोरचा एल2 आहे 512 केबीचा. शेजारच्या कोरवर जाऊन तो सामाईक एल3मधून पुन्हा भरायचा म्हटलं तरी मामला मायक्रोसेकंदांचा. तेवढे वाचवायला मी मिलिसेकंद घालवत होतो. मदतीला कोर रिकामा आहे आणि आपण घातलेल्या बंधनामुळेच थ्रेडला तिकडे जाता येत नाही, ही एकच गोष्ट माझ्यासाठी निर्णायक ठरली.

आता सीपीयूसेटने (थ्रेडच्या गटाला ठरावीक कोरांपुरतं मर्यादित ठेवणारी कर्नलची सोय) एका एल3चे आठही कोर सर्व्हिसला दिलेत आणि आत थ्रेड मोकळे आहेत. कॅशची ऊब, म्हणजे आधीचा डेटा कॅशमध्ये तयार असण्याचा फायदा, यात वाटते तेवढी जात नाही. जागं करताना कर्नल आधी हाताशी असलेला कोर बघतो, मग थ्रेड मागच्या वेळी चालला तो. यातला एखादा रिकामा मिळाला तर सहसा पुढे शोधतच नाही. नाहीतर त्याच एल3मधले बाकीचे कोर चाळतो. या चाळण्याला वेळ लागतो, हे मान्य. 2022च्या 6.0 कर्नलपासून एल3चा गट जितका व्यस्त, तितके कमी कोर तपासले जातात. त्यामुळे भर गर्दीत एखादा रिकामा कोर नजरेतून सुटूही शकतो. माझ्या वापरात मात्र तो तोटा कधी जाणवला नाही.

कुंपणच नको, अख्खं मशीन मोकळं, असाही पर्याय आहे. पण कर्नलच्या लोड बॅलन्सरने (कोरांमध्ये काम वाटणारा भाग) थ्रेड दुसऱ्या एल3मध्ये नेला की कॅशमधलं सगळं गरम सामान मागे राहतं. आठ कोर पुरत नसतील तर मी सर्व्हिसच्या दोन प्रती करून दोन कुंपणं घालीन.

बांधणं पूर्ण चूक आहे असं मी म्हणणार नाही. डीपीडीके (नेटवर्कची पॅकेट थेट हाताळणारी लायब्ररी) वापरून सतत पोलिंग करणारा, म्हणजे काम आलं का हे न थांबता तपासत राहणारा थ्रेड झोपतच नाही, मग त्याला जागं करणं नाही आणि कोर शोधणंही नाही. त्याला आयसोलसीपीयूज (काही कोर बाकीच्या कामांपासून वेगळे ठेवणारं कर्नलचं सेटिंग) लावून स्वतंत्र कोर द्यावा, हेच बरं. तुमचे थ्रेड कोरपेक्षा कधीच जास्त होणार नसतील आणि त्या कोरवर दुसरं काही येणार नसेल, तरीही बांधणं चालून जावं. झोपणारे-उठणारे थ्रेड असतील तर मात्र मी कुंपणाकडेच झुकेन. माझ्याकडे पॅकेट उचलणारा एक थ्रेड शेजारच्या एल3मधल्या कोरला अजून बांधलेला आहे. बाकीचे बारा कुंपणात आहेत.