टीएचसी की सीबीडी? विजया तेलाची बाटली उघडण्याआधी

नेरुळला औषधाच्या दुकानात काउंटरवर असतो, त्यामुळे हा प्रश्न आता सवयीचा झालाय: "गुडघ्यांसाठी विजया तेल मागवलंय, चालेल ना?" विचारणारे बहुधा साठीपुढचे असतात आणि बाटली मुलाने किंवा सुनेने ऑनलाइन मागवलेली असते. मी आधी एवढंच विचारतो, त्यात टीएचसी किती आणि सीबीडी किती? विजया म्हणजे भांग, आणि दोन्ही तिच्याच झाडातले घटक, पण मेंदूत गेल्यावर दोघांचा मार्ग वेगळा. घ्यायचं की नाही, हे त्यावरच ठरतं.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप देतात. निरोप देणाऱ्या पेशीच्या टोकाशी सीबी-१ नावाचे रिसेप्टर, म्हणजे ठरावीक द्रव्यं येऊन बसायच्या जागा, असतात. निरोपांचा मारा वाढला की समोरची पेशी आनंदामाइड आणि २-एजी ही द्रव्यं तयार करून उलट दिशेने सोडते. ती सीबी-१वर बसली की देणाऱ्या पेशीत कॅल्शियम कमी शिरतं आणि निरोपाचा ओघ मंदावतो. पंख्याचा रेग्युलेटर हळूच कमी करावा, तसं. गरजेपुरतं काम झालं की एन्झाइम ही द्रव्यं लगेच मोडून टाकतात.

टीएचसी याच सीबी-१वर थेट बसतं, पण गरज असेल तिथेच नव्हे, तर मेंदूभर, आणि तासन् तास. स्मरणशक्तीशी संबंधित हिप्पोकॅम्पसमध्ये हे रिसेप्टर दाट आहेत, म्हणून आत्ता बोललेलं विसरायला होतं. तोल आणि हालचाल सांभाळणाऱ्या भागांतही ते भरपूर आहेत, म्हणून पाय लटपटतात. श्वास चालवणाऱ्या भागात ते फार थोडे, त्यामुळे अफूच्या वर्गातल्या औषधांसारखा श्वास सहसा मंदावत नाही. पण नाडी वाढते, उठून उभं राहताना रक्तदाब पडू शकतो. सत्तरीच्या आजींना रात्री बाथरूमला उठताना एवढं पडायला पुरे.

पोटातून घेतलेल्या टीएचसीचं यकृतात ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, तेही मेंदूपर्यंत पोचतं. परिणाम सुरू व्हायला अर्धा ते दोन तास लागतात. "काहीच वाटलं नाही" म्हणून आणखी थेंब घेतले जातात ते नेमके याच वेळात.

सीबीडी सीबी-१च्या मुख्य जागी जवळजवळ बसतच नाही. प्रयोगशाळेत दिसतं ते असं की ते रिसेप्टरला दुसऱ्याच जागी चिकटून टीएचसीची पकड सैल करतं. शिवाय सेरोटोनिनच्या एका रिसेप्टरवर आणि मिरचीचा तिखटपणा ओळखणाऱ्या टीआरपीव्ही-१वरही त्याचं काम चालतं. नशा येत नाही. म्हणून लोक ते निर्धोक समजतात, आणि तिथे मला थांबवावं लागतं. यकृतातली जी एन्झाइम इतर औषधं मोडतात, त्यांना सीबीडी अडवतं. रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन घेणाऱ्याचं रक्त जास्त पातळ होऊ शकतं. फिट्ससाठी क्लोबाझाम चालू असेल तर गुंगी वाढते, व्हॅल्प्रोएट असेल तर यकृतावर ताण येतो.

सीबीडीचा सगळ्यात भक्कम पुरावा फिट्सच्या काही अवघड आजारांसाठी आहे. ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या आजारांसाठी शुद्ध सीबीडीच्या औषधाला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. डोस बघा: रोज किलोमागे १० ते २० मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला २०० ते ४००. ३० मिलिलिटरच्या बाटलीत १००० मिलिग्रॅम सीबीडी असलं, तरी दहा थेंबांत जेमतेम १७ मिलिग्रॅम येतं. आणि बऱ्याच बाटल्यांवर मोठ्या अक्षरांतला आकडा सीबीडीचा नसून सगळ्या अर्काचा असतो. घरात असं मूल असेल तर थेंब मोजू नका, न्यूरॉलॉजिस्टशी बोला.

टीएचसीची बाजू निराळी. केमोनंतरच्या मळमळीसाठी त्याचंच कृत्रिम रूप, ड्रोनॅबिनॉल, १९८५ पासून मान्य आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातल्या स्नायूंच्या ताठरपणासाठी टीएचसी-सीबीडी जवळपास समप्रमाणात असलेला स्प्रे काही देशांत वापरतात.

गुडघ्यांसाठी मात्र माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही नको. वेदनांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २०२१ साली वेदनेसाठी या औषधांची शिफारस करायचं नाकारलं. ते पैसे फिजिओथेरपीला द्या. सीबी-१शी खेळणं हलकं नाही, हे रिमोनाबँटने दाखवलंय. हा रिसेप्टर बंद करणारं वजन घटवायचं हे औषध युरोपात २००६ला आलं आणि नैराश्य, आत्महत्येचे विचार दिसल्यावर २००८ला मागे घेतलं गेलं.

कायद्याचं थोडक्यात: अमली पदार्थांसाठीचा १९८५चा एनडीपीएस कायदा गांजा आणि चरस बंद करतो, नुसत्या पानांना त्या व्याख्येतून वगळतो. पानांपासूनचं विजया औषध आयुर्वेदात बसतं, पण ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायचं असतं. ऑनलाइन मागवलं तरी डॉक्टरची चिठ्ठी हवीच.

टीएचसी असलेलं तेल घेऊन पाम बीच रोडवर गाडी चालवू नये, आणि परिणाम तासन् तास टिकतो म्हणून रात्रीच्या डोसनंतर सकाळीही जपावं.

आता आमच्या भागाचं एक. सीवूड्स, करावे, बेलापूर या पट्ट्यात मर्चंट नेव्हीतली घरं बरीच. झोपेसाठी "फक्त सीबीडी" मागायला येणाऱ्यांत तेही असतात. झाडापासून काढलेल्या अशा तेलात थोडं टीएचसी राहू शकतं, ते चरबीत साठतं आणि नियमित घेणाऱ्याच्या लघवीत कित्येक दिवस, कधी आठवडे सापडतं. जहाजावर चढण्याआधीच्या ड्रग टेस्टमध्ये चिठ्ठी दाखवून भागेलच असं नाही. त्यांना मी ते घेऊच नका असं सांगतो.