सूज मोजायची: ईएसआर की सीआरपी?

ताप, सुजलेले सांधे, आणि नागपूरच्या धंतोलीतल्या लॅबच्या काउंटरवर प्रश्न: ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या दोन तपासण्यांपैकी एकच केली तर चालेल का?

दोन्हींचं मूळ एक. संसर्ग झाला की मॅक्रोफेजसारख्या रोगप्रतिकारक पेशी इंटरल्युकिन-6 हा रासायनिक निरोप रक्तात सोडतात. यकृत तो ऐकून सीआरपी (सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन) आणि फायब्रिनोजेन ही प्रथिनं जास्त बनवतं. सीआरपी तपासणी यातलं सीआरपी थेट मोजते. ईएसआर (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग) आडवळणाने जातो: फायब्रिनोजेनमुळे तांबड्या पेशींच्या चळती होतात, त्या नळीत तासाभरात किती मिलिमीटर खाली बसल्या ते बघायचं.

वेगात सीआरपी पुढे. 6 ते 8 तासांत वाढते, साधारण दोन दिवसांत शिखर गाठते, आणि तिचं अर्धायुष्य (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) सुमारे 19 तास असल्याने आजार ओसरला की झपाट्याने उतरते. ईएसआर उतरायला आठवडे लागतात.

खर्चात ईएसआर स्वस्त, पण चकवेही त्याचेच. रक्तक्षयात तो सूज नसतानाही वाढतो. सिकलसेल या तांबड्या पेशी वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजारात उलट: वाकड्या पेशींची चळत लागत नाही, आकडा खोटा कमी येतो. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच, म्हणून हे लॅबला आधी सांगाच. नळी जराशी कलली किंवा मे महिन्यात खोली तापली तरी आकडा चढतो. साध्या तापमानात ठेवलेला नमुना 4 तासांत लावावा.

ताजा ताप, औषध लागू पडतंय का हे बघणं, किंवा सिकलसेल असेल तर सीआरपी घ्या. ल्युपसमध्ये (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) सीआरपी बरेचदा फारशी वाढत नाही. तिथे ईएसआर हवाच.