कॅज्युअल्टीच्या स्टाफला कुठलं ट्रेनिंग द्यावं?

गोव्यात फोंडा, डिचोली, वाळपई इथे वीस-तीस खाटांचं हॉस्पिटल असेल तर अडचण नेहमीची: मानसोपचाराची संस्था पणजीजवळ बांबोळीला आणि बिथरलेला रुग्ण रात्री दोन वाजता आपल्या दारात. अशा रुग्णाला हाताळायला कॅज्युअल्टीच्या, म्हणजे तातडीच्या विभागाच्या, स्टाफला शिकवायचंय आणि पैसे एकाच ट्रेनिंगचे असतील, तर कुठलं घ्यावं?

सगळ्यात स्वस्त 'क्यूपीआर': विचारा, समजवा, पुढे पाठवा. तास-दोन तासांचं काम. आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे आडवळण न घेता विचारायला शिकवतात. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे, एवढं पटलं तरी पैसे वसूल. पण रुग्ण 'हो' म्हणाला की पुढे काय, हे डॉक्टर-सिस्टरना पुरेल इतकं त्यात नाही. काउंटरवरची मुलगी, फार्मसीवाला, ड्रायव्हर यांच्यासाठी मात्र ठीक.

जागतिक आरोग्य संघटनेचं 'एमएच-गॅप' तज्ज्ञ नसलेल्या डॉक्टर-नर्ससाठीच बेतलेलं आहे. 2016 च्या आवृत्तीत नैराश्य, सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं), फिट्स, व्यसन, स्वतःला इजा असे विभाग आहेत आणि प्रत्येकाला पायरीपायरीने नेणारा तक्ता. गोव्यात खरी कमाई व्यसनाच्या विभागाची. पाय मोडून दाखल झालेला माणूस दारू सुटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे बघायला लागतो आणि वॉर्ड म्हणतो, 'वेडा झाला.' शुगर बघा, डोक्याला मार लागलाय का बघा, थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) द्या, हे सगळं इथे शिकायला मिळतं. खोट एकच: त्याला काही दिवस द्यावे लागतात, डॉक्टर एकटेच जातात आणि परत येते ती फाईल.

तिसरं, बोलून शांत करण्याचं. अमेरिकेतल्या इमर्जन्सी मानसोपचारतज्ज्ञांनी 2012 साली त्याचे दहा मुद्दे मांडले. दोन हात अंतर ठेवा, बोलणारा एकच असू दे, वाक्यं छोटी ठेवा. साधंच आहे, पण वाचून येत नाही. मी होतो त्या एका हॉस्पिटलात चौघांनी एका माणसाला घेरलं होतं, चौघांच्या चार सूचना चालू. तो फक्त आपल्या चपला मागत होता. ते कळेपर्यंत त्याचे हात बांधून झाले होते.

म्हणून माझा कौल तिसऱ्याला. अर्धा दिवस, पण अटेंडंट आणि सिक्युरिटीसकट सगळ्यांना, आणि दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा. ट्रेनरला आधीच विचारा, रुग्णाचं सोंग कोण करणार आणि कुठल्या भाषेत? उत्तर इंग्रजी आलं तर दुसरा ट्रेनर बघा. रात्रीचा रुग्ण कोंकणीत ओरडतो, नाहीतर मराठीत. दारूच्या केसेस जास्त असतील तर जोडीला एक डॉक्टर आणि एक सिस्टर एमएच-गॅपला पाठवा, एकट्या डॉक्टरला नको.

कुणी 'संगाथ' या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या गोव्यातल्या संस्थेचं नाव सुचवेल. साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून नैराश्य आणि दारू यांवर समुपदेशन करता येतं, हे त्यांनी इथल्याच आरोग्य केंद्रांत चाचण्या घेऊन दाखवलं. पण ते काम काही बैठकांचं. रात्री दोनच्या घाईचं नव्हे.

यातलं काहीही घेतलं तरी कायद्याचा तास वेगळा मागून घ्या, परदेशी कोर्समध्ये तो नसतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017, कलम 94: जिवाला धोका असेल तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो, नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाच्या वतीने निर्णय घ्यायला नेमलेला माणूस) हजर असेल तर त्याची संमती घेऊन. हे ठाऊक नसल्याने रुग्णाला हातही न लावता बांबोळीला धाडणारे डॉक्टर मी पाहिलेत.