साताऱ्याच्या वाटेवर 'बदललेले' शॉकर

एकूण १६,२८० रुपये गेले. त्यातले १६,००० गॅरेजवाल्याला. उरलेले २८० कशाचे ते शेवटी सांगतो, खरी लाज तिथेच आहे.

पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो, मागच्या सीटवर आई. खंबाटकी घाट अजून यायचा होता. बाईकवरचा एक पोरगा शेजारी आला आणि चाकाकडे बोट दाखवून खुणा करायला लागला. चाकात बिघाड आहे म्हणून घाबरवायचं आणि ठरलेल्या गॅरेजवर थांबवून लुटायचं, ही फसवणूक तुम्हाला माहीतच आहे. मलाही माहीत होतं हो! असले सावध करणारे मेसेज मी स्वतः फॅमिली ग्रुपवर ढकललेत. पण सत्तरी ओलांडलेली आई मागून "अरे थांब, बघ तरी" म्हणत असेल आणि पुढे घाट असेल, तर तुम्हीही थांबला असता.

गॅरेज अर्थातच समोर. मिस्त्रीने स्टिअरिंग वळवून पुढचा डावा शॉकर दाखवला, त्यावर तेल ओघळलेलं. "साहेब, शॉकर फुटलाय. घाटात चाक निखळेल."

इथेच. इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. ६१,००० किलोमीटर चाललेली गाडी. शॉकर खरंच गळत असता तर त्या तेलावर धूळ बसून काळा चिकट थर झाला असता. इथे आजूबाजूला वाळलेला चिखल आणि मधोमध तेल कसं, तर शनिवारी मारुतीला वाहिल्यासारखं ताजं. मी ते पाहिलं. बोट लावून पाहिलं. आणि बोट पुसायला त्यांच्याचकडे फडकं मागितलं.

बरं, शॉकर गळाला म्हणून चाक निखळत नाही. गाडीचा भार स्प्रिंग पेलते, शॉकर फक्त तिची उसळी आवरतो. तो गेला तर गाडी डुलते, पकड कमी होते, बदलायला हवाच. पण चार दिवसांनी आपल्या माणसाकडून बदलून घेता येतो. हे ज्ञान मला नंतर आलं.

मग त्याने डिपस्टिक काढली, बोटावर काळं ऑईल घेतलं. "इंजिन आतून चोक झालंय." ऑईल काळं होणारच! आतली काजळी धरून ठेवणं हेही त्याचं कामच. ते किलोमीटर आणि महिने बघून बदलायचं, रंग बघून नाही. पण बोटावरचा काळा रंग बघितला की आपण गप्प होतो. नळी लावून 'डिकार्ब' केलं, म्हणजे इंजिनातली काजळी साफ केली म्हणे. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये या प्रकाराचं नावसुद्धा नाही. मॅन्युअल तेव्हा कुठे होतं? डॅशबोर्डच्या खणात. माझ्या हातापासून दीड फुटावर.

हिशोब असा: दोन शॉकर ७,८००, लिंक रॉड १,८००, डिकार्ब ३,५००, फ्लश ८५०, मजुरी २,४००. झाले १६,३५०. त्याने ३५० सोडले आणि मी थँक्यू म्हणालो. बिल वहीच्या कागदावर, कारण पक्क्याला जीएसटी लागेल म्हणे. क्यूआर कोडवर गॅरेजचं नाव नव्हतंच, कुणा बाईचं होतं. काम चालू असताना आम्हाला चहाला पाठवलं होतं. गाडी सोडून चहाला जाऊ नका. जुने पार्ट डिकीत टाकून घ्या, भंगार असले तरी.

पुण्यात आल्यावर नेहमीच्या मिस्त्रीने गाडी वर घेतली आणि हसला. शॉकरच्या नटांवरचा गंज जसाच्या तसा. पान्हाच लागलेला नाही! फक्त पुसून काळा स्प्रे मारलेला. "शॉकर बदलले तर अलाइनमेंट करायला सांगितलं असेल ना?" नव्हतं सांगितलं. मलाही सुचलं नव्हतं.

पोलिसांकडे गेलो. पहिल्या ठाण्यात विचारलं, गॅरेज पुलाच्या अलीकडे की पलीकडे? पलीकडे म्हटल्यावर हद्द संपली. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घेता येतो म्हटलं, तर "तुम्ही वकील आहात का?" दुसऱ्या ठाण्यात म्हणे हा दिवाणी मामला. चारशेवीस नाही का लागत, विचारलं, तर ते कलम आता नव्या न्याय संहितेत ३१८ झालंय एवढं मात्र तत्परतेने सांगितलं. १ जुलै २०२४ पासून. नंबर बदलला, खुर्चीतला माणूस तोच. लेखी अर्जाची पोच मागितली तर शिक्का साहेबांच्या कपाटात आणि साहेब बंदोबस्ताला. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक हेल्पलाईनने पक्कं बिल मागितलं. अहो, पक्कं बिल देणारा असता तर मी फोन कशाला केला असता? ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही हे खरं, पण तिथेही समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. माझ्याकडे वहीचा कागद आहे. म्हणून सांगतो, पैसे देण्याआधी पाटीचा आणि नंबरप्लेट येईल असा गाडीचा फोटो काढा.

आता ते २८०. हे सगळं कळायच्या आधी, साताऱ्याहून परतताना आई म्हणाली, त्या पोरांनी जीव वाचवला, रिकाम्या हाताने कसं जायचं? मी मुद्दाम वळसा घालून गॅरेजवर गेलो आणि अर्धा किलो कंदी पेढे देऊन आलो. मिस्त्रीने आईच्या पाया पडून घेतले.