८×४२ दुर्बीण : आठ महिने, एक मेघवन आणि एक लुळा आयकप

ही दुर्बीण घेण्याआधी मी दोन महिने परीक्षणं वाचत होते. ईडी काच (रंगीत कडा कमी करणारी), फेज कोटिंग (चित्र स्पष्ट करणारा लेप), आत नायट्रोजन, दोन मीटरपर्यंत जवळचं फोकस, सगळं तोंडपाठ झालं होतं. आयकपबद्दल, म्हणजे डोळा टेकवायच्या वरखाली होणाऱ्या कड्यांबद्दल, मात्र कुणी चकार शब्द काढला नव्हता. म्हणून मी काढतेय, आणि जरा जास्तच काढणार आहे.

घेतली ती इक्वेडोरसाठी. अँडीजचा पश्चिम उतार, मिंदो आणि त्याच्या वरची मेघवनं. चित्र दहापट मोठं करणारी की आठपट हा घोळ सगळ्यांचाच होतो, माझाही झाला. शेवटी भागाकार करून आठपट घेतली: पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलीमीटर, त्याला ८ ने भागलं की डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत ५.२५ मिलीमीटर, १० ने भागलं तर ४.२. ढगात बुडालेल्या जंगलात पहाटे हा एक मिलीमीटर कामाला येतो म्हणे. पण सराव करायला मी जायचे तळ्याकाठी, लख्ख उन्हात, आणि पलीकडच्या काठावरचे चिखले पक्षी ठिपक्याएवढे दिसायचे. शेजारी उभा असलेला दहापटवाला आरामात पायांचा रंग सांगायचा. पहिले चार महिने मी पस्तावले, हे कबूल करते.

पाचव्या महिन्यात उजवा आयकप गेला. गेला म्हणजे तुटला नाही. फिरवून वर केला की दोन टप्प्यांवर ‘टक्’ वाजून अडकायचा, ते वाजणं बंद झालं. वर करायचा, डोळा टेकवायचा, की हा मऊ लोण्यासारखा खाली बसणार. ज्यांना चष्मा आहे त्यांना यातलं दुःख कळणार नाही, ते आयकप खालीच ठेवतात. मला चष्मा नाही. डोळा भिंगापासून ठरावीक अंतरावर नसला की चित्राच्या कडेने काळी चंद्रकोर आत सरकते, मग डोळा मागे घ्यायचा, जागा शोधायची, तोवर पक्षी उडालेला. डावा डोळा ठणठणीत, उजव्यात ग्रहण. प्रवासाला एकोणीस दिवस उरले होते.

कंपनीला मेल केला. उत्तर आलं की आयकप ‘झिजणारा भाग’ आहे, वॉरंटीत बसत नाही. मी विचारलं, पाच महिन्यांत झिजतो? त्यावर दुर्बीण तपासणीसाठी पाठवा, सहा ते आठ आठवडे लागतील. अहो, आयकप फिरवून निघतो, मला फक्त तेवढाच पाठवा, पैसे देते. सुटा भाग ग्राहकाला पाठवत नाही. मग बिलाचा फोटो मागितला, मग अनुक्रमांकाचा, मग पुन्हा बिलाचा, ‘जरा स्पष्ट’. अकरा मेल झाले. बाराव्यात मी काय लिहिलं ते इथे देत नाही.

शेवटी वैतागून केसांचं रबर काढलं, आयकप हवा तितका वर केला आणि खालच्या फटीत दोन वेढे मारले. घट्ट बसला. आणि गंमत अशी की कंपनीचे दोन टप्पे होते त्यांच्या अधेमधे तो थांबला, आणि माझ्या डोळ्याला नेमकं तेच अंतर हवं होतं. पाच महिने मी ज्याला ‘दुर्बिणीची सवय होत नाहीये’ म्हणत होते ती सवयीची भानगडच नव्हती. दुसऱ्या दिवशी डाव्यालाही रबर घातलं.

आता जंगल. विषुववृत्तावर बाराही महिने सहाच्या सुमारास उजाडतं, म्हणजे कॉक-ऑफ-द-रॉक या लाल पक्ष्याच्या नाचाच्या जागी पोचायला पावणेपाचला निघायचं. अंधारात डुकराच्या पिल्लांसारखं केकाटणं ऐकू येतं, दिसत काही नाही. मग फांद्यांमध्ये एक काळसर डाग, डोळ्यांनी काळाच, आणि दुर्बिणीतून रक्तासारखा लाल. तिथे माझं मत फिरलं. सोबतच्या दहापटवाल्याला तो लाल रंग दिसायला आणखी काही मिनिटं लागली. शिवाय धापा टाकत चढून आल्यावर दहापटवाली दुर्बीण जास्त थरथरते, ते वेगळंच.

दुसरं म्हणजे फोकसचं चाक. याचं कौतुक मी कधी करणार नव्हते, फार पटकन फिरतं म्हणून तळ्याकाठी चिडचिडच व्हायची. पण मेघवनात अर्धा तास शुकशुकाट असतो आणि मग अचानक वेगवेगळ्या जातींच्या पक्ष्यांचा मिश्र थवा येतो: टॅनेजर, फरनेरिड, वुडक्रीपर, एक तीन मीटरवर शेवाळात, दुसरा तीस मीटरवर शेंड्यात. बोटाच्या एका फिरवण्यात दोन्ही. पाच मिनिटांत सगळं पार, पुन्हा शांतता.

नायट्रोजनच्या भरवशावर राहू नका. तो आतून धुकं धरू देत नाही, बाहेरून भिंगं आपल्याच श्वासाने आणि घामट चेहऱ्याने धूसर होतात. माझ्या मते यातही आयकपचाच दोष होता, डोळा भिंगाला चिकटला की वाफ जायला जागा उरत नाही. रबरानंतर त्रास निम्म्यावर आला. रात्री दुर्बीण झिप पिशवीत सिलिका जेलसोबत, पण आधी पुसून, वाळवून. ओली तशीच बंद केलीत तर बुरशीला आमंत्रण. गळ्यातला पट्टा घरीच ठेवा, खांद्यांवरचा हार्नेस घ्या.

आणि खरं सांगायचं तर दुर्बिणीइतकेच उपयोगी पडले झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावर ऐकलेले आवाज. अँटपिटा हा जमिनीलगत लपून राहणारा पक्षी दिसण्यापेक्षा ऐकण्याचाच. तीन महिने रोज पाच-पाच आवाज ऐकले, त्यातले निम्मे तिथे जाऊन विसरले, उरलेल्या निम्म्यांनी पैसे वसूल केले. मर्लिन या पक्षी ओळखायच्या अ‍ॅपचा त्या देशाचा पॅक आधीच उतरवून ठेवा, दरीत नेटवर्क नसतं.

पाचापैकी साडेतीन तारे. काचेला साडेचार देते, बाकी आयकपने खाल्ले.

ताजा कलम: परत आल्यावर तीन आठवड्यांनी एक पाकीट आलं. आत एकच आयकप, चिठ्ठी नाही, बिल नाही. डावा आहे.